मजुरी वाढली की काम कुठे जातं?

जानेवारी 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने यंत्रमाग उद्योगातल्या कामगारांचे किमान वेतनाचे दर सुधारले. त्याआधीचे मूळ दर ऐंशीच्या दशकातले होते. जास्तीत जास्त पाच वर्षांनी दर तपासून पाहावेत, असं कायदा सांगतो. इथे तर माग चालवणारी एक पिढी थकून घरी बसली, एवढा काळ गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या इचलकरंजीच्या सायझिंग कामगारांनी नव्या दरांची मागणी लावून धरली आणि पन्नासहून अधिक दिवस संप चालला. सुताला कांजी लावायची, ते वाळवायचं आणि मागावर चढवायचं बीम भरायचं, हे सायझिंगचं काम. बीम भरून आलं नाही तर माग उभे राहतात, त्यामुळे काही हजार कामगारांच्या संपाने सगळं गाव थांबलं. एवढ्या वाढीने धंदाच बसेल, असं कारखानदार म्हणत होते. सरकारने राजपत्रात छापलेला दर मागायला संप का करावा लागतो, असं कामगार विचारत होते. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य होतं. किमान वेतनाचा रोजगारावर काय परिणाम होतो हे समजून घ्यायचं असेल, तर महाराष्ट्रात यापेक्षा चांगलं उदाहरण क्वचित सापडेल. मजुरीचा दर, तो ठरवण्याची वेळ आणि तो कुणाला लागू होतो, या तिन्ही गोष्टी इथे एकत्र दिसतात.

किमान वेतनाचा कायदा आपल्याकडे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 11 एप्रिल 1946 रोजी हे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडलं आणि 1948 मध्ये त्याचा कायदा झाला. किमान म्हणजे किती, हे 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने ठरवून दिलं: कामगार, जोडीदार आणि दोन मुलं मिळून तीन माणसांचा खाण्याचा खर्च, माणशी 2700 उष्मांक, घरभाडं, जळण-दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण किमान वेतनाच्या 20 टक्के आणि कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड. देशाला कापड पुरवणाऱ्या इचलकरंजीत या 72 वारांची आठवण ठेवायला हरकत नसावी. केरळमधल्या कौलांच्या कारखान्यांच्या खटल्यात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत पाहायची नसते. जो धंदा कामगाराला जगण्यापुरतंही देऊ शकत नाही, त्याला त्या भावात माणूस राबवण्याचा हक्क नाही, असं यामागचं तत्त्व. हे तत्त्व मला मान्य आहे. पण तत्त्व मान्य केलं म्हणून परिणामांचा प्रश्न सुटत नाही, आणि कामगाराच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो टाळूही नये. धंदा बंद पडला तर त्याची पहिली झळ कामगारालाच बसते.

पाठ्यपुस्तकातलं गणित सोपं आहे. एखाद्या वस्तूचा भाव वाढला की तिची मागणी घटते. श्रमाचा भाव सक्तीने वाढवला तर कामगारांना मागणी कमी होईल. या गणितात एक गोष्ट धरलेली असते: नवा दर सगळ्या बाजाराला सारखाच लागू होतो. कोल्हापूर जिल्ह्यात तसं होत नाही. एकाच रस्त्यावर एका बाजूला हजेरीपट, भविष्य निर्वाह निधी आणि पगारपत्रक असलेली फौंड्री असते. दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये बारा माग चालतात आणि कामगाराचं नाव फक्त मालकाच्या वहीत असतं. दर दोघांना लागू आहे, पण तो तपासायला माणूस जातो पहिल्याच ठिकाणी, कारण तपासायला कागद तिथेच असतो. दर वाढला की पहिल्याचा खर्च वाढतो, दुसऱ्याचा वाढत नाही. काम मग बंद पडत नाही. ते रस्ता ओलांडून पलीकडे जातं. माझं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. किमान वेतनाने रोजगार किती बुडतो हा प्रश्न दुय्यम आहे. दर अर्धवट लागू केला की रोजगार नोंदीतून नोंदीबाहेर सरकतो, आणि तिथे मजुरीही कमी, संरक्षणही कमी. म्हणून शेडपर्यंत दर पोचवणं ही शेडवरची आपत्ती नव्हे. नोंदीतल्या कारखान्यातली नोकरीही त्यानेच टिकते.

ही शेड जरा जवळून पाहिली पाहिजे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी बसवला. जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी धंद्याला पाठबळ दिलं आणि पुढे गावात व आसपासच्या खेड्यांत मिळून लाखभर माग झाले. यातले बरेच मागधारक स्वतःचं कापड विकत नाहीत. व्यापारी सूत किंवा बीम देतो, मागधारक ते विणून देतो आणि मीटरमागे विणकामाचा दर घेतो. त्यांना गावात खर्चीवाले म्हणतात. कामगारालाही मीटरवरच मजुरी मिळते, आणि मीटरचा दर ठरतो पिकावर, म्हणजे कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती यावर. 52 पिकाचं कापड घेऊ. एका मीटरमध्ये साधारण 39 इंच, म्हणजे दोन हजारांच्या वर आडवे धागे. साधा माग मिनिटाला 150 धागे टाकतो असं धरलं, तर एक मीटर व्हायला पावणेचौदा मिनिटं लागतात. बारा तासांच्या पाळीत, धागा तुटणं, कांडी संपणं, वीज जाणं सोडून, एका मागावर 45 मीटरच्या आसपास कापड निघेल. सहा माग सांभाळणाऱ्याचं 270 मीटर. सोयीसाठी मीटरला एक रुपया धरा: बारा तास उभं राहून 270 रुपये. आता हेच आठ तासांवर आणा, म्हणजे आकडा 180 वर येतो. किमान वेतन हे साधारण आठ तासांच्या दिवसाचं असतं आणि त्यापुढच्या तासांना दुप्पट दर द्यायचा असतो. बारा तासांची कमाई दाखवून ‘कामगाराला किमान वेतनाएवढे पडतात की’ असं म्हणताना हे चार तास आणि त्यांची दुप्पट हिशेबातून गळतात. शिवाय वीज गेली, सूत कच्चं निघालं, व्यापाऱ्याने बीम उशिरा दिलं, तर त्या वेळेची मजुरी कामगाराचीच बुडते. कायद्यात यावर उपाय होता. नगावर काम करणाऱ्याच्या पदरात वेळेच्या किमान दरापेक्षा कमी पडता कामा नये, असं 1948 च्या कायद्यातच लिहिलं होतं. पण वेळ नोंदवलेलीच नसेल, तर ते कलम कुणी कशावर लावायचं?

किमान वेतनाला कामगारसंख्येची मर्यादा नव्हती. एक कामगार असला तरी दर लागू. पण हा दर प्रत्यक्षात ज्या कागदांवर तपासला जातो, ते कागद दुसऱ्या कायद्यांनी येतात, आणि त्या कायद्यांना मर्यादा आहेत. वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की कारखाना कायदा लागू होई. नव्या कामगार संहितांमध्ये ही मर्यादा वीसवर गेली आहे. राज्य कामगार विम्याला दहा, भविष्य निर्वाह निधीला वीस. परिणाम असा की एकाच घरातले चाळीस-पन्नास माग भाऊ, भावजय, मुलगा यांच्या नावांवर वाटले जातात, आणि कागदावर प्रत्येकाकडे चार-पाच कामगार उरतात. वीज सवलतीतही 27 अश्वशक्तीच्या खाली आणि वर असे दोन गट आहेत, म्हणजे लहान राहण्याला आणखी एक कारण. या मालकांना मी लबाड म्हणणार नाही. वाढण्याने खर्च वाढतो आणि न वाढण्याने सवलत मिळते, अशी रचना सरकारने केल्यावर माणूस दुसरं काय करेल? पण यातून किमान वेतनाच्या माथी एक दोष विनाकारण येतो. लहान युनिटं लहानच राहिली, नोंदीबाहेर राहिली, याचं खापर मजुरीच्या दरावर फुटतं. खरं कारण नोंद करण्याच्या खर्चात आहे.

काम नोंदीतून नोंदीबाहेर सरकण्याचा हा प्रकार महाराष्ट्राने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपाने गिरण्या गेल्या, असं आजही सहज म्हटलं जातं. पण लोकांनी कापड नेसणं थांबवलं नव्हतं. मुंबईत बंद पडलेलं विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर गेलं, आणि हे जाणं संपाच्या बऱ्याच आधी सुरू झालं होतं. गिरणीत आठ तासांची पाळी, निधी, विमा, बोनस, महागाई भत्ता. शेडमध्ये बारा तास आणि यातलं काहीच नाही. अबकारी करातही विकेंद्रित क्षेत्राला सवलत होती. कापडाचे मीटर फारसे कमी झाले नाहीत. ते विणणाऱ्याचं जगणं मात्र एका पिढीत बदललं. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी 1906 साली सुरू केलेली शाहू मिल 2003 मध्ये बंद झाली. जुनी यंत्रं, भांडवल, व्यवस्थापन अशी तिची कारणं अनेक. पण वीस-पंचवीस किलोमीटरवर तेच कापड निम्म्या बांधिलकीत विणलं जात असताना मिलने टिकावं कसं, हाही प्रश्न त्यात होता. गिरणी कामगाराला जास्त मिळत होतं म्हणून गिरणी बुडाली, असा याचा अर्थ लावला जातो. मला तो उलटा वाटतो: शेडमधल्या कामगाराला कायद्याने ठरलेलं किमानही मिळत नव्हतं, म्हणून दोन्हींतली दरी एवढी रुंद झाली.

बाहेरच्या देशांतले पुरावे काय सांगतात? डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांचा अभ्यास सर्वांत गाजला. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याने एप्रिल 1992 मध्ये किमान वेतन तासाला 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तेवढंच राहिलं. दोन्हीकडच्या 410 उपाहारगृहांची तुलना करून त्यांना आढळलं की न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्या नाहीत. कार्ड यांना 2021 चं नोबेल मिळालं, त्यामागे हे काम होतं. पण तिथे तपासणी होते, पगार खात्यात जातो. तो निष्कर्ष उचलून इचलकरंजीत ठेवता येणार नाही. आपल्याला जवळचे देश ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका. ब्राझीलमध्ये अर्थतज्ज्ञांनी फार पूर्वीच दाखवलं होतं की सरकारी किमान दर बिननोंदी कामांतही खूण म्हणून वापरला जातो. ज्यांच्यावर कायद्याची सक्ती नाही, तेही मजुरी ठरवताना त्या आकड्याकडे पाहतात. दोन हजारनंतरच्या दशकात तिथे महागाई वजा जाता किमान वेतन बरंच वाढलं आणि त्याच काळात नोंदीतल्या नोकऱ्यांचं प्रमाणही वाढलं. अर्थव्यवस्था तेव्हा जोरात होती, म्हणून सगळं श्रेय दराला देता येणार नाही. पण दर वाढला की सगळे नोंदीबाहेर पळतात, हा नियम नाही एवढं नक्की ठरतं. दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण सावध करणारं आहे. 2002 मध्ये घरकामगारांना किमान वेतन लागू झालं. तपासणी जवळजवळ नव्हती, तरी मजुरी वाढली आणि कामं फारशी गेली नाहीत. 2003 मध्ये शेतमजुरांना लागू झालं, तेव्हा मजुरी वाढली आणि कामं मात्र लक्षणीय घटली. मोठे शेतमालक यंत्रांकडे वळू शकत होते. घरकामाला तसा सोपा पर्याय नव्हता. तेव्हा परिणाम काय होईल हे त्या धंद्याची रचना ठरवते.

आपल्या राज्यातलं एक उदाहरण तर मजुरीवाढीच्या समर्थकांनी पाठच करावं. रोजगार हमी योजना मूळची महाराष्ट्राची, आणि ती मांडणारे वि. स. पागे शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. मागेल त्याला काम, ही तिची प्रतिज्ञा. दुष्काळी कामांवरही किमान वेतनापेक्षा कमी देणं म्हणजे वेठबिगारी, असं सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या एका खटल्यात 1983 साली म्हटलं होतं. 1988 मध्ये महाराष्ट्राने शेतमजुरांचं किमान वेतन दुप्पट केलं आणि हमीच्या कामांची मजुरीही त्याबरोबर दुप्पट झाली. त्यानंतर कामांवरची हजेरी झपाट्याने खाली आली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी या बदलाचा अभ्यास केला आणि त्यांना दिसलं की मजुरी वाढली, पण त्या प्रमाणात निधी वाढला नाही. मग काम मागणाऱ्याला काम देणंच आखडतं घेतलं गेलं. मजुरांना कामाची गरज उरली नव्हती असं नव्हे. हमी कागदावर राहिली आणि ज्यांना काम मिळालं नाही त्यांना दुप्पट दराचा काही उपयोग झाला नाही. दर एकदम उडी मारून वाढवणं आणि पैशाची तजवीज न करणं, या दोन्हींचा हा परिणाम होता. 2015 च्या इचलकरंजीतही हाच पहिला दोष होता. जवळपास तीन दशकं मूळ दर न हलवता एका रात्रीत सगळी थकबाकी वसूल करायला निघालं, तर कारखानदार घाबरणार, न्यायालयात जाणार आणि कामगाराला संप करावा लागणार. दरवर्षी थोडा दर वाढला असता तर त्याचा कुणाला पत्ताही लागला नसता.

तसं करून दाखवल्याचं उदाहरण याच गावात आहे. 2013 च्या सुरुवातीला यंत्रमाग कामगारांचा महिन्याहून अधिक काळ संप झाला. त्यातून झालेल्या तडजोडीत पिकावरचा मीटरचा दर ठरलाच, शिवाय एक महत्त्वाची गोष्ट ठरली: पुढे दरवर्षी महागाई भत्त्यात जी वाढ होईल, ती पैशांत रूपांतरित करून पिकाच्या दरात मिळवायची आणि सहायक कामगार आयुक्त कार्यालयाने ती जाहीर करायची. मंदीच्या वर्षांत या वाढीवरून वाद झाले, सगळ्यांनी ती दिली असंही नाही. तरीही या व्यवस्थेची ताकद ओळखली पाहिजे. राजपत्रातला महिन्याचा दर शेडमधल्या कामगाराला परका असतो. ‘52 पिकाला एवढे पैसे’ हा दर मात्र मागावर उभ्या माणसाला, मालकाला, दिवाणजीला, चहाच्या टपरीवर बसलेल्याला, सगळ्यांना ठाऊक असतो. तो मोडला तर गावभर कळतं. नोंदवही नसलेल्या ठिकाणी कायदा पोचवायचा एक रस्ता हा आहे. कामगार ज्या मापाने मजुरी मोजतो, त्याच मापात दर जाहीर करायचा.

यावर मागधारकाचा आक्षेप रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. तो म्हणतो, माझी कमाई मीटरला मोजक्या पैशांची. सूत व्यापाऱ्याचं, भाव व्यापाऱ्याचा, वीज महाग. मजुरी मी कुठून वाढवू? एकट्याने वाढवली तर तो खरोखरच बुडेल. पण हाच किमान दराच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. एकाने वाढवली तर बुडेल, सगळ्यांनी एकाच दिवशी वाढवली तर ती वाढ विणकामाच्या दरात घालून व्यापाऱ्याकडे मागता येते. खर्चीवाला आणि कामगार यांच्यातलं भांडण पुष्कळदा व्यापाऱ्याने न दिलेल्या पैशांचं असतं. म्हणून मजुरीचा दर जाहीर होताना खर्चीच्या दराचीही बोलणी व्हावीत, ही मागधारकांची जुनी मागणी मला योग्य वाटते. दुसरं असं की गेली कित्येक वर्षं मागधारक कामगारटंचाईची तक्रार करतात. माग आहेत, चालवायला माणूस नाही. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, उत्तर कर्नाटकातून माणसं आणावी लागतात. ज्या बाजारात माणूस मिळत नाही, तिथे मजुरी वाढवल्याने माणसं बेकार होतील हे म्हणणं टिकत नाही. स्थानिक तरुण शेडमध्ये यायला तयार नाहीत, ते शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटावर जातात, कारण तिथे निदान आठ तास आणि खात्यात पगार असतो. मजुरी वाढली तर एक कामगार सहाऐवजी आठ माग सांभाळू लागेल, काही जुने माग भंगारात जातील, स्वयंचलित माग वाढतील. हे होतंच आहे. त्यात काही कामं कमी होतील हे मी नाकारत नाही. पण मजुरी दाबून जुना माग किती काळ जिवंत ठेवायचा, याचाही विचार करावा लागेल.

‘धंदा सीमेपार जाईल’ हा दुसरा आक्षेप. इचलकरंजीपासून कर्नाटक हाकेच्या अंतरावर आहे. माणकापूरसारख्या गावात मागांचा खडखडाट तितकाच ऐकू येतो. राज्याचे दर वेगळे, तपासणी वेगळी, मग बीम तिकडे पाठवायला किती वेळ लागतो? ही भीती काल्पनिक नाही. विडी उद्योगात हेच झालं होतं. 1958 मध्ये मद्रास राज्याने विडी कामगारांसाठी कायदा केला, तेव्हा कारखानदार काम कंत्राटदारांकडे आणि शेजारच्या राज्यांत हलवू लागले, आणि अखेर 1966 मध्ये केंद्राला देशभरासाठी विडी व सिगार कामगार कायदा करावा लागला. सोलापूर-निपाणीच्या विडी कामगार स्त्रियांना हा इतिहास सांगायची गरज नाही. त्यातला धडा दर न वाढवण्याचा नाही; सगळ्या राज्यांखाली एक तळ हवा, हा आहे. आपल्याकडे असा राष्ट्रीय तळ होता, पण ऐच्छिक, आणि तो 2017 मध्ये दिवसाला 176 रुपयांवर येऊन तिथेच थांबला. केंद्राने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने 2019 च्या सुरुवातीला 375 रुपये सुचवले होते. त्या वर्षीच्या आर्थिक पाहणीनेच मान्य केलं की देशात किमान वेतनाचे जवळपास दोन हजार दर आहेत आणि मजुरी करणाऱ्या दर तिघांपैकी एकाला या कायद्याचं संरक्षणच नाही.

2019 ची वेतन संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आली, आणि तिने यातल्या काही गोष्टी बदलल्या. अनुसूचित उद्योगांची यादी गेली. आता किमान वेतन सगळ्याच कामांना आहे. राष्ट्रीय तळाला कायद्याचा आधार मिळाला, त्याखाली कोणत्याही राज्याला जाता येणार नाही. कमी मजुरी मिळाल्याचा दावा करायला पूर्वी सहा महिने होते, ते तीन वर्षं झाले. या तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत. मात्र निरीक्षकाचा आता सल्लागारही झाला आहे, त्याच्या हातातली अचानक तपासणी सैल झाली आहे आणि दुसऱ्या संहितेने कारखान्याची मर्यादा वर नेल्याने बऱ्याच शेड नोंदीपासून आणखी लांब गेल्या आहेत. म्हणजे हक्काचा परीघ वाढला आणि तो बजावण्याची ताकद घटली. माझ्या मते इथे महाराष्ट्र सरकारच्या हातात एक गोष्ट अशी आहे, जिला नवा कायदा लागत नाही. यंत्रमागाला वीजदरात सवलत मिळते आणि ती मागामागाला, मीटर क्रमांकावर मिळते. सरकारला प्रत्येक शेड ठाऊक आहे. तिथे किती अश्वशक्ती आहे हेही ठाऊक आहे. कामगार किती आहेत, तेवढं मात्र विचारलेलं नाही. सवलतीच्या अर्जात कामगारांची नावं आणि मजुरी बँकेत जमा केल्याची नोंद मागितली, आणि अशी नोंद देणाऱ्याला सवलत थोडी जास्त ठेवली, तर नोंद करणं हा तोट्याचा सौदा राहणार नाही. 27 अश्वशक्तीचा उंबरठाही मग कामगारांच्या नोंदीशी जोडून टप्प्याटप्प्याने करता येईल, म्हणजे भाऊ-भावजयीत माग वाटण्याचं कारण उरणार नाही.

हे सगळं मागापुरतं झालं. जिल्ह्यात अशीही कामं आहेत जिथे शेडच नाही. हुपरीत चांदीचे दागिने घराघरांत घडतात. घुंगरू, साखळ्या जोडण्याचं काम बायका घरकाम सांभाळून करतात. कोल्हापुरी चपलेची वेणी आणि शिलाईही घरातच होते, आणि त्यातही स्त्रियांचे हात मोठ्या संख्येने आहेत. मजुरी नगावर, माल देणारा एक, घेणारा दुसरा, आणि यात मालक कुणाला म्हणायचं हे दोघांपैकी कुणीच सांगत नाही. वेतन संहिता सगळ्यांना लागू आहे असं म्हणताना या बाईचा दिवस किती तासांचा, तिच्या हातून आठ तासांत किती जोड होतात आणि त्या हिशेबाने एका जोडीला किती पडायला हवेत, हे कुणीतरी बसून मोजावं लागेल. इचलकरंजीत पिकाचा दर तसा मोजून ठरवता आला. हुपरीच्या घुंगराचा आणि चपलेच्या वेणीचा दर अशाच रीतीने काढायला कामगार खात्याने एक छोटी समिती नेमली, तिच्यात काम करणाऱ्या बायकाच बसवल्या आणि निघालेला दर गावच्या चावडीवर लावला, तर नव्या संहितेतलं सार्वत्रिक किमान वेतन या जिल्ह्यात खऱ्या अर्थाने सुरू होईल. वर्षानुवर्षं ज्यांची कुठल्याच वहीत नोंद नाही, त्यांच्यापासून ही मोजणी सुरू करावी.